काडेपेटी आणि कवळी

घरात तिला नावानं हाक मारायची पद्धत कधीच मागे पडली होती. नवरा तिला 'सेन्सरबाई' म्हणायचा. लाडात आला की म्हणायचा, आणि भांडणात तर हमखास. हे बिरूद तिला कुणी फुकट दिलेलं नव्हतं, ते तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. घरी आलेल्या पाहुण्यानं कौतुकानं फोनमधला एखादा फोटो दाखवला, की ती "छान आलाय हो" म्हणायची, दोन सेकंद स्वतःला आवरून धरायची, आणि मग ते तिच्याच्यानं होत नसे. "पण," ती म्हणायची. त्या 'पण'नंतर पाहुण्याचा चहा निवून जायचा.

प्रवचन ठरलेलं होतं. बाळ झाल्यापासून त्यात फक्त दाखला बदलला होता.

"समजा, वीस लंगोट वाळत घालायचेत. एकाकडे ऐसपैस गच्ची आहे आणि दुसऱ्याकडे खिडकीचे चार गज. लंगोट दोघांकडे वीसच. गच्चीवर प्रत्येकाला हातपाय पसरायला जागा, प्रत्येकाला पोटभर ऊन. गजांवर मात्र एकावर एक कोंबलेले. ते वाळत नाहीत, कुबट वास मारतात. कॅमेऱ्याच्या पोटात जिथं चित्र उमटतं ना, तो चौकोन म्हणजे सेन्सर. तो मोठा असला की प्रत्येक ठिपक्याला उजेड मिळतो. लहान असला की ठिपके उपाशी. जरा अंधारलं की फोटो रवाळ दिसायला लागतो, तो त्या उपाशी ठिपक्यांमुळं."

पाहुणे मान डोलवायचे आणि निघताना दारात नवऱ्याला हळूच विचारायचे, बाळंतपणानंतर काही दिवस असं होतं का.

तिचा स्वतःचा कॅमेरा अर्थात गच्चीवाला होता. लग्नाआधी, स्टुडिओतल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला, उचलला की मनगट दुखेल इतका जड. आणि घरातला गजांवरचा लंगोट म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, अप्पांचा, कॅमेरा. अप्पांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासले होते. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा भेट दिला. त्यातला सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान. तिनं त्या कॅमेऱ्याचं नाव 'काडेपेटी' ठेवलं होतं, आणि ते अप्पांच्या तोंडावर घ्यायलाही ती कचरत नसे.

अप्पांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते दाखवत तरी नसत. काडेपेटी कायम सदऱ्याच्या खिशात. दिसेल त्याचा फोटो काढायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणायचा आणि पाठीवर खात्याच्या भाषेत नोंद करायची. 'स्वयंपाकघर, नळ, गळका.' 'बाळ, वय दोन महिने, झोपेत. मागे: कपाट, दार उघडे.'

"मागे कपाट आहे हे कशाला लिहायचं, अप्पा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"दिसतंय ना? मग लिहायचं. आम्ही मीटरच्या मागची भिंतसुद्धा लिहायचो. पुढं वाद नकोत."

तिच्या फोटोंत असलं काही दिसायची सोयच नव्हती. सात महिन्यांत तिनं लेकीचे चार हजार फोटो काढले होते, बहुतेक दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत, बाळ झोपलं की. लेन्स सताड उघडी ठेवायची. म्हणजे एक पापणी अशी लख्ख यायची की केस मोजून घ्यावेत, आणि पापणीच्या मागचं सगळं जग लोण्यासारखं वितळलेलं. कपाट वितळलेलं, न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग वितळलेला. तो ढीग वितळतो हे तर तिला फारच सोयीचं होतं.

बाळाला अप्पा 'बोळकी' म्हणायचे. दात नव्हते म्हणून. जेवण झालं की अप्पा स्वतःची कवळी काढून पेल्यात ठेवायचे, आणि मग आजोबा-नात एकमेकांकडे बघून तोंडभर हिरड्या दाखवत हसायची. "घरात दोन बोळकी," अप्पा म्हणायचे. "एकाचे गेले, एकाचे यायचेत. मधल्या मध्ये सूनबाईचे शाबूत आहेत म्हणून घर चाललंय."

बोळकी सात महिन्यांची झाली त्या आठवड्यात स्टुडिओवाल्या मॅडमचा फोन आला. याच मॅडमच्या हाताखाली तिनं सहा वर्षं काढली होती.

"अगं, काम आहे. कवळ्या."

"कसल्या कवळ्या?"

"तोंडात घालतात त्या. एक कवळी बनवणारे आहेत, त्यांना नमुन्यांची पुस्तिका छापायचीय. सहा कवळ्या, सहा फोटो, पोस्टकार्डाएवढे. त्यांना पसंत पडले तर तू एक तारखेपासून आठवड्याचे तीन दिवस ये. नाही पडले, तर तुझ्या खुर्चीवर मला दुसरं कुणीतरी बसवायला लागेल. सात महिने मी खुर्ची झाकून ठेवली, आता नाही जमत."

"पडतील की पसंत."

"काही लागलं तर विचार."

"छे, काही नाही लागणार," ती म्हणाली, आणि हे जरा जास्तच घाईनं म्हणाली.

खरी गोष्ट अशी होती, की विचारायची तिला भीती वाटत होती. विचारलं की मॅडमना कळणार, ही विसरली. आणि ती विसरली होतीच. सात महिन्यांत ती चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायला शिकली होती. गॅसवर दूध ठेवून त्याच दुधासाठी फ्रीज उघडायची. परवा तर बाळाला पोटाशी झोळीत बांधून ती घरभर 'बाळ एवढं शांत कसं' म्हणून बघत फिरली होती. पण कॅमेऱ्याचं तसं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. कॅमेरा हातात आला की हात आपोआप चालतात. तीन दिवस. आठवड्यातले तीन दिवस तिला कुणीतरी 'बाळाची आई' सोडून दुसऱ्या कशासाठी तरी शोधणार होतं. त्या तीन दिवसांसाठी तिनं कवळ्याच काय, मगरीच्या जबड्यात डोकं घातलं असतं.

कवळीवाल्यांचं कामाचं ठिकाण एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच गरम मेणाचा वास. आत भिंतभर फळ्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. कोपऱ्यात पॉलिशचं चाक, वर एक ट्यूबलाइट. कवळीवाले पन्नाशीचे, चणीनं बारके, भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड बसलेली. त्यांनी सहा कवळ्या कापडावर एका रांगेत मांडून ठेवल्या होत्या.

"ताई, एकच सांगतो," ते म्हणाले. "समोरचे दात काय, कुणीही लावतो. माझी कला मागं आहे. दाढांच्या या खाचा बघा. माणूस हसतो समोरच्या दातांवर, पण जगतो दाढांवर. खाचा दिसल्या पाहिजेत."

"दिसतील, काका," ती म्हणाली. तिच्या डोक्यात चालू होतं की आता साडेदहा, बाराला बाळाला दूध, बसला वीस मिनिटं.

"मोठा दिवा आणू इकडं?"

"नको. मोठा सेन्सर आहे ना. अंधारातही भागतं."

"अस्सं," कवळीवाले म्हणाले. "मग आम्ही उगीच दिवे लावतो म्हणायचं."

हात खरंच आपोआप चालले. वीस मिनिटांत सहाही कवळ्या झाल्या. ना कॅमेऱ्याखाली तिपाई, ना दिवा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर एकेक कवळी अशी झळकली की तिला जिना उतरताना शीळ घालावीशी वाटली. घातली नाही, कारण शीळ येत नव्हती.

घरी बाळाला दूध पाजून, मांडीवर थोपटत, एका हातानं तिनं फोटो संगणकावर उघडले आणि मोठे केले. समोरचे दोन दात असे सुरेख की त्यांच्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब मोजता यावं. शेजारचे दोन जरा सुस्तावलेले. सुळ्यांपासून पुढं धुकं. आणि दाढा, त्या जगायच्या दाढा, त्या होत्या की नव्हत्या हे त्या कवळीलाच ठाऊक. जणू कवळी समोरून हसत होती आणि मागच्या मागं विरघळत चालली होती.

सहाच्या सहा तशाच.

हात आपोआप चालले होते खरे, पण ते सात महिने एकच काम करत आले होते. झोपलेल्या बाळाची पापणी. लेन्स सताड उघडी, आणि मोठ्या सेन्सरवर लेन्स सताड उघडी ठेवली की हातभर अंतरावरची जेमतेम नखाएवढी जाडी स्पष्ट येते, बाकी सगळं लोणी. हे तिला माहीत होतं. हे ती पाहुण्यांना, चहा निवेपर्यंत, समजावून सांगायची. हा दोष नाही, गुण आहे, असं म्हणायची. कवळी मात्र तीन नखं खोल असते.

अप्पा खांद्यावरून डोकावले. "समोरचे दात झकास आलेत. मागं काय आहे?"

"दाढा."

"हां. लिहिलेलं नाही म्हणून विचारलं."

तिनं कवळीवाल्यांना फोन लावला आणि जितक्या सहज आवाजात सांगता येईल तितक्या सहज सांगितलं, की अजून थोडे काढावेत म्हणते. उद्या.

"उद्या बाराला माणूस येतो न्यायला," कवळीवाले म्हणाले. "सहाही जणांच्या डॉक्टरांकडं जायच्यात. एकदा तोंडात गेल्या की मी काही परत मागणार नाही, ताई."

"नऊला येते."

त्याच संध्याकाळी बोळकी बिनसली. लाळ थांबेना, हाताला लागेल ते तोंडात, आणि आईच्या पोटावरून खाली उतरायला साफ नकार. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला अप्पांकडं द्यायला गेली तर तिनं असा सूर लावला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी वरातच निघाली. पोटाशी झोळीत बाळ, एका खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, दुसऱ्यावर लंगोटांची, आणि मागून अप्पा, हातात मिटलेली तिपाई भाल्यासारखी धरून.

"आज दिसतील दाढा," बसमध्ये ती म्हणाली. "लेन्स बारीक करायची. मागं-पुढं सगळं स्पष्ट येतं. उजेड कमी येतो, मग फोटो घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून तिपाई. साधी गोष्ट आहे."

"मग काल का नाही केली?"

तिनं बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

कवळीवाल्यांकडं तिनं तिपाई उभी केली, कॅमेरा काढला, तिपाईवर टेकवायला गेली आणि थांबली. कॅमेऱ्याच्या बुडाला एक पट्टी लागते, बिस्किटाएवढी, धातूची. ती स्क्रूनं कॅमेऱ्याला बसवायची, मग तिपाई त्या पट्टीला धरते. पट्टी नसेल तर तिपाई म्हणजे तीन पायांची काठी. आणि पट्टी नव्हती. गेल्या आठवड्यात पाळण्याच्या कडेवर कॅमेरा टेकवताना ती टोचत होती म्हणून तिनं काढली होती. नीट, सुरक्षित, चटकन सापडेल अशा जागी ठेवली होती. ती जागा कोणती, ते मात्र चष्मा आणि दुधाच्या वाटेनं गेलं होतं.

तिनं दोन्ही पिशव्या उपड्या केल्या. टेबलावर लंगोटांचा डोंगर झाला.

"काय हरवलं?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. हातानंच काढते."

प्लास्टरच्या डब्यांवर कॅमेरा टेकवून बघितला. जड लेन्सनं तो पुढं मान टाकायचा, पेंगणाऱ्या शिपायासारखा. मग तिनं लेन्स बारीक केली आणि उजेडाची कसर भरून काढायला कॅमेऱ्याची ताकद वाढवली. फोटो काढून तो मोठा करून कवळीवाल्यांना दाखवला.

त्यांनी डोळे बारीक केले. "दाढेवर रवा सांडलाय का?"

रवाच होता. काडेपेटीच्या फोटोंत असतो, अगदी तसाच. गच्चीचं दार तिनं फटीएवढं उघडं ठेवलं होतं, आणि मग गच्चीत आणि गजांत फरक तो काय राहणार?

तिनं अजून जवळ जायचा प्रयत्न केला. पण तिची लेन्स हातभराच्या आत यायला तयार नव्हती. जवळ गेलं की घर्र घर्र करून तोंड फिरवायची, मानी माणसासारखी. लांबून काढलं की चौकटीत मधोमध बारकीशी कवळी आणि चहूबाजूंनी टेबलच टेबल. ती त्या चित्राकडं बघत राहिली, आणि मग तिला एक हिशोब सुचला, जो सुचला नसता तर बरं झालं असतं. तिच्या एवढ्या मोठ्या सेन्सरवर कवळी पडत होती ती जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या जागेत. उरलेली सगळी गच्ची टेबलाचा फोटो काढत होती. म्हणजे तिच्या वाट्याला आलेला सेन्सर अप्पांच्या काडेपेटीएवढाच होता. फक्त तो उचलायला मनगट दुखत होतं.

सव्वादहा झाले होते.

अप्पा स्टुलावर बसून भिंतीवरचे जबडे नंबरवारीनं वाचत होते.

"अप्पा," ती म्हणाली. "जरा तुमचा कॅमेरा देता?"

"कोणता?"

"तुमचा. खिशातला."

"काडेपेटी म्हणतात तो?"

"तोच."

अप्पांनी खिशातून कॅमेरा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि तिच्यापुढं धरला. ते हसले असते तर बरं झालं असतं. "दोरी आधी मनगटात घाल," ते म्हणाले. "खात्याचा नियम आहे."

तिनं दोरी मनगटात घातली. काडेपेटीवर फुलाचं एक चिन्ह होतं, अगदी जवळून फोटो काढायचं. अप्पांनी ते आजवर दाबलं नव्हतं. फुलांचे फोटो आपण काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिनं ते दाबलं आणि दोन बोटांच्या अंतरावर गेली. काडेपेटीनं काही तक्रार केली नाही. चौकटीत या कानापासून त्या कानापर्यंत कवळी भरली, पहिल्या दातापासून शेवटच्या दाढेपर्यंत स्पष्ट.

पण रवा होताच. एवढ्याशा सेन्सरला ट्यूबलाइटचा उजेड म्हणजे दाढेखालचा तीळ.

"काका," ती म्हणाली, "काल तुम्ही मोठा दिवा म्हणत होतात."

"मोठ्या सेन्सरला नको होता ना?"

"हा लहान आहे. याला लागतो."

कवळीवाल्यांनी कामाचा दिवा ओढून आणला, आणि तोवर गच्चीचं आणि लंगोटांचं प्रवचनही ऐकून घेतलं. उजेड पडला तो असा, की गुलाबी हिरडीवर पांढरे फटफटीत डाग चमकायला लागले. तिनं टेबलावरच्या डोंगरातून एक लंगोट उचलला आणि दिव्याच्या तोंडावर, तापून जळणार नाही असा, लांबून ताणून बांधला. उजेड मऊ झाला. दुसरा लंगोट तिनं अप्पांच्या हातात दिला. "हा असा उभा धरा. सावलीच्या बाजूनं. त्यावरून उजेड परत येतो."

"धुतलेला आहे ना?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"दोनदा."

मग ती कामाला लागली. पोटाशी बाळ, एक गुडघा स्टुलावर, तिसरा लंगोट खांद्यावर लाळेसाठी. बाळाचा हात मधूनच कवळीकडं झेपावायचा, तो आपल्या कोपरानं मागं सारायचा आणि पुन्हा श्वास रोखायचा. कवळी जरा कलती केल्यावर खाचांत सावली बसते, हे तिला दुसऱ्या कवळीला कळलं. तिसरीला तिनं पहिली परत काढली. कुठल्या कोनातून हिरडी जिवंत दिसते, दिवा वीतभर मागं नेला तर दाढेची कड कशी उठते. बाराचा माणूस, खुर्ची, मॅडम, सगळं डोक्यातून गेलं. हे तिला फार पूर्वी यायचं आणि अजून येत होतं.

पाच कवळ्या झाल्या तेव्हा तिनं कवळीवाल्यांना फोटो मोठे करून दाखवले. ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही खाच. ही मी चार वेळा घासली. कुणाला दिसत नाही हो. ज्याची आहे त्यालासुद्धा नाही, त्याच्या तर तोंडातच असते."

सहावी कवळी चालू होती तेव्हा खोलीत आवाज झाला. टिक्. मग पुन्हा, टिक् टिक्.

कवळीवाल्यांनी हात वर केला. "थांबा."

सगळे थांबले.

"हा दाताचा आवाज आहे," ते म्हणाले. "धातूवर दात."

अप्पांनी नकळत स्वतःच्या कवळीला हात लावला. मग तिघांनीही खाली, झोळीकडं, पाहिलं. बोळकीच्या मुठीत बिस्किटाएवढी धातूची पट्टी होती, आणि बोळकी ती मन लावून चावत होती. झोळीचा पुढचा खिसा उघडा होता. नीट, सुरक्षित, चटकन सापडेल अशी जागा.

"काखेत कळसा," अप्पा म्हणाले. पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. सूनच होती शेवटी.

कवळीवाले नळाशी जाऊन हात धुऊन आले, दोनदा साबण लावून, आणि म्हणाले, "द्या इकडं." बोळकी, जी सकाळपासून कुणाकडं जात नव्हती, ती त्यांच्या मांडीवर जाऊन भुवयांवरची पांढरी पूड बघत बसली. त्यांनी करंगळी तिच्या खालच्या हिरडीवरून हळूच फिरवली.

"खालचा, डावीकडचा. अर्ध्या तांदळाएवढा," ते म्हणाले. "जागा झकास धरलीय. हे माझं काम नाही, पण काम चांगलं आहे."

आता पट्टी सापडली होती. सहावा फोटोही घेऊन झाला होता, काम संपलं होतं. कुणीही शहाणी आई त्या क्षणी लेकीकडं धावली असती. पण सेन्सरबाईंची खाज एवढ्यावर भागेना. अकरा वाजत होते, एक तास हातात होता, आणि तिपाईवर, लेन्स बारीक करून, मोठा कॅमेरा खरंच काय काढतो हे बघायलाच हवं होतं. तिनं काडेपेटी अप्पांना परत दिली, पट्टी पुसली, स्क्रू आवळला आणि सहाव्या कवळीवर वाकली. दोन सेकंदांचा फोटो, हलायचं नाही. आपण चार हजार फोटो काढले आणि पहिल्या दाताकडं पाठ करून कुणा परक्याच्या दाढा टिपत उभ्या आहोत, हे तिच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या सेकंदाला. तोवर हलता येत नव्हतं.

दुपारी ती स्टुडिओत गेली. कवळीवाल्यांचा फोन तिच्या आधीच पोचला होता. तिनं सहा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून मॅडमपुढं मांडले, आणि मग, कुणी विचारलं नसताना, सातवा मांडला. सहावीच कवळी, पण तिपाईवर मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेली, आणि हेही तिनं आपणहून सांगितलं.

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं, एकावरून दुसऱ्यावर गेल्या, परत आल्या. "यातला मोठा कॅमेरा कोणता?"

"तो उजवीकडचा. बाकी सगळे माझ्या सासऱ्यांच्या काडेपेटीतले आहेत."

"या आकारात कळत नाही."

"नाही. पानभर मोठे केले असते तर कळलं असतं."

"पानभर कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि मी विचारलं नव्हतं तरी हे मला सांगायची काय गरज होती?"

"राहवलं नाही," ती म्हणाली. आणि मग कालपासूनचं सगळंच सांगून टाकलं, विरघळणारी कवळी, रवा, पट्टी, दोरी मनगटात घालणं, सगळं. सांगता सांगता तिलाच हसू यायला लागलं आणि मॅडमच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलेना.

ऐकून झाल्यावर मॅडम उठल्या, कपाट उघडून एक लेन्स काढली आणि टेबलावर ठेवली. जवळून फोटो काढायची, मोठ्या कॅमेऱ्याला बसणारी. हिच्यातून कवळी अख्खी गच्ची भरून आली असती. "ही कवळ्यांसाठी होती," त्या म्हणाल्या. "तू मागशील म्हणून दोन दिवस पुढंच काढून ठेवली होती. सहा वर्षं हिची काच तूच पुसायचीस."

ती लेन्सकडं बघत राहिली. आठवत होती की. डाव्या अंगाला चरा होता, तो तिच्याच हातून पडलेला.

"मला वाटलं विचारलं तर तुम्ही म्हणाल, विसरली."

"म्हणाले असतेच. आणि लेन्स दिली असती." मॅडमनी लेन्स परत कपाटात ठेवली. "एक तारखेला नऊला ये. तीन दिवस. आणि ते गच्चीचं आणि लंगोटांचं गिऱ्हाइकांपुढं नको. कवळीवाल्यांनी मला फोनवर अर्धा तास तेच समजावून सांगितलं."

चार दिवसांनी अप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोटो आणले आणि एक तिच्यापुढं ठेवला. कवळीवाल्यांच्या मांडीवर बोळकी, तोंड उघडं, खालच्या हिरडीवर अर्धा तांदूळ. थोडा रवाळ. मागचं मात्र सगळं जसंच्या तसं, फळीवरचे जबडे आणि त्यांचे नंबरसुद्धा. आणि मध्ये एक बाई, केस विस्कटलेले, खांद्यावर लंगोट, कॅमेऱ्यावर वाकून श्वास रोखलेली. गेल्या सात महिन्यांत तिच्या घरच्या चार हजार फोटोंत ही बाई एकदाही आली नव्हती.

तिनं फोटो उलटा केला. अप्पांचं अक्षर, खात्याचं, एका सरळ रेषेत.

'बाळ, वय सात महिने. दात, पहिला. मागे: लंगोट तीन, कवळी एक, आई, कामावर.'

"लंगोट तीन कुठं आहेत? मला दोनच दिसतायत," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"तिसरा माझ्या खांद्यावर होता," अप्पा म्हणाले. "चौकटीत नाही आला. पण पुढं वाद नको."